अकरा बेचाळीस

खटल्याचा निकाल लागून तीन महिने झाले. आरोपी दोषी ठरला, दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलमाखालीही आणि निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याच्या कलमाखालीही. त्याने अपील केलंय, ते चालेल तेव्हा चालेल. माझं काम साक्षीपुरतं होतं, ते झालं. पण ओळखीचे लोक अजून विचारतात, "तू कशाला पडलीस त्या भानगडीत?" आणि तोंडी सांगायला गेलं की निम्मं राहून जातं. म्हणून आज बसून लिहितेय.

जुलै २०२२, शनिवारची रात्र. नणंदेकडून आम्ही दोघं स्कूटरवर घरी निघालो होतो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता काळा चकचकीत. त्या चौकातला सिग्नल अकरानंतर नुसता पिवळा लुकलुकत राहतो. आमच्या पुढे एक मुलगा मोटारसायकलवरून हळू वळत होता, पाठीला घरपोच जेवण देणाऱ्यांची ती चौकोनी बॅग. मागून एक पांढरी गाडी आम्हाला जवळजवळ घासून पुढे गेली. वळण आलं, मुलगा समोर, तरी तिचे ब्रेकचे लाल दिवे लागलेच नाहीत. ते न लागलेले दिवे मला अजून दिसतात.

मुलगा मोटारसायकलसकट दुभाजकापाशी फेकला गेला. गाडी थोडी पुढे जाऊन खांबाला टेकली. नवऱ्याने स्कूटर स्टँडला लावेपर्यंत मी ११२ला फोन लावला. फोनमध्ये ती नोंद आजही आहे, ११.४२. त्या क्षणी मला त्या आकड्याचं काहीच नव्हतं. मुलाचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि रक्त थांबत नव्हतं. मी त्याच्याशेजारी खाली बसले, ओढणीची घडी करून जखमेवर दाबून धरली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "अहो, मागून येणाऱ्या गाड्या वळवा, नाहीतर कुणीतरी आपल्यावरच येईल." ते मोबाइलचा टॉर्च लावून त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला उभे राहिले आणि हात हलवत राहिले. चालवणारा दार उघडून खाली उतरला होता, एवढं मी पाहिलं. त्यानंतर मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मुलगा "माझ्या आईला सांगू नका" एवढंच परत परत म्हणत होता, माझं सगळं लक्ष त्याच्याकडे.

११.५५ला मोटारसायकलवर दोन बीट मार्शल आले. १२.०४ला १०८ची रुग्णवाहिका आली, मुलाला स्ट्रेचरवर घेतलं. या वेळा मी आज इतक्या ठामपणे लिहितेय कारण एका माणसाने मला त्या लिहून ठेवायला लावल्या. ते वाहतूक शाखेचे हवालदार. पुढच्या पुलाच्या तोंडाशी त्यांची नाकाबंदी होती, बीट मार्शलने बिनतारीवर श्वासातली दारू मोजायचं मशीन मागवलं म्हणून ते घेऊन आले. केस पिकलेले, निवृत्तीला आलेले. मी रस्त्याच्या कडेला बसले होते, हात रक्ताने माखलेले. माझ्या हातावर बाटलीतलं पाणी घालत ते म्हणाले, "ताई, नाव-पत्ता द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. पण साक्षीदार असला तर केस उभी राहते. देणार असाल तर आत्ताच सगळ्या वेळा लिहून काढा, डोक्यात ताज्या आहेत तोवर." ते संरक्षण म्हणजे मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४अ, २०१९च्या दुरुस्तीत आलेलं. जखमीला मदत करणाऱ्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. मी नाव दिलं. वाण्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळा लिहिल्या.

फुंक मारायची ती चाचणी मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती तेव्हाच. हवालदारांनी आल्या आल्या मशीन पुढे केलं नाही. आधी चालवणाऱ्याला दुभाजकावर बसवलं. त्याला सिगारेट ओढायची होती, ती ओढू दिली नाही. तोंडात पेपरमिंट टाकायला निघाला, तेही काढून घेतलं. मला वाटलं, वेळ का काढतायत? पुढे कोर्टाच्या बाकावर त्यांनीच उलगडून सांगितलं. तोंडात नुकताच गेलेला घोट, माउथवॉश, खोकल्याचं औषध, आलेली ढेकर, यांतली दारू तोंडातच असते. मशीनला हवी असते ती फुफ्फुसाच्या तळातली हवा, कारण तिथे रक्त आणि श्वास समोरासमोर येतात. तोंडातली दारू पंधरा मिनिटांत उडून जाते. म्हणून पंधरा मिनिटं माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा, काही खाऊ-पिऊ द्यायचं नाही, आणि मग फुंक.

१२.२०ला फुंक झाली. नळी नवी, त्याच्यासमोर पाकीट फोडून लावलेली. पहिल्या वेळी त्याने नुसते गाल फुगवले. मशीनने नमुना घेतलाच नाही. "साहेब, पोटातून. मी थांब म्हणेपर्यंत." दुसऱ्या वेळी पीऽऽ असा लांब आवाज आला आणि आकडा उमटला, ९२. मशीनमधून बिलासारखी चिठ्ठी निघाली. तिच्यावर मशीनचा क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, खाली सह्यांच्या दोन ओळी. आपल्याकडे मर्यादा ३०ची आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मशीन श्वास मोजतं आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढतं. साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं एक मिलिलिटर रक्तात, असा तो हिशोब.

"दोनच पेग घेतलेत हो," तो म्हणाला. रडवेला झाला होता. दुष्ट वाटेल असा माणूस तो नव्हता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात लग्नाची अंगठी. हे वाक्य मी नंतर इतक्यांच्या तोंडून ऐकलं की मला त्याची चीड बसली आहे. दोनच म्हणजे किती? आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये जवळजवळ २० ग्रॅम अल्कोहोल जातं. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने बसवून दिलेल्या सूत्राने मांडलं तर सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने चाळीसच्या आसपास आकडा जातो. एका मोठ्या पेगमध्ये मर्यादा ओलांडली जाते. "दोनच" म्हणणाऱ्याने आपण निर्दोष आहोत असं सांगितलेलं नसतं, त्याने कबुली दिलेली असते. त्याला ते माहीत नसतं, एवढंच.

१२.२५ला अटक दाखवली. इथून पुढे हवालदार दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायला लागले.

मी मुलाची खबर घ्यायला सरकारी रुग्णालयात गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. चालवणाऱ्याला त्याच रुग्णालयात आणलं, पोलिसांच्या लेखी यादीसह. यादी म्हणजे डॉक्टरांना द्यायचं पत्र: अमुक इसमाने मद्य प्राशन केलं आहे का तपासावं आणि रक्ताचा नमुना घेऊन द्यावा. कायद्यात असं आहे की कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. म्हणजे २.२५च्या आत. आणि अपघात विभागात त्या रात्री एकच डॉक्टर. तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळं. विष प्यालेल्या एका बाईंच्या पोटात नळी घालत होती. त्यांच्यानंतर अपघातातला तो मुलगा, त्यानंतर डोकं फुटलेले दोघे. हवालदार यादी हातात धरून दाराशी उभे. आत गेले नाहीत, घाई केली नाही. मला म्हणाले, "त्या बाई आधी. पण ही वेळ गेली तर हा आत्ता उठून घरी जाईल." रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. ३०च्या मर्यादेसमोर दोन तास म्हणजे पूर्ण मर्यादाच. चाळिसावर पकडलेला माणूस डॉक्टरच्या खोलीबाहेर रांगेत बसल्या बसल्या कायद्याच्या आत येतो, आणि यात कुणाचीच लबाडी नसते.

१.४५ला डॉक्टरीणबाई मोकळ्या झाल्या. आधी तपासणी: श्वासाला वास, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलण्यात जीभ अडखळते का, सरळ रेषेत चालता येतं का, डोळे मिटून बोट नाकाला लागतं का. ओळख पटवायला अंगावरचे दोन तीळ लिहून घेतले. संमतीची सही घेतली. मग सिस्टरने सवयीने स्पिरिटच्या डब्याकडे हात नेला आणि डॉक्टर जवळजवळ ओरडल्या, "स्पिरिट नको!" दंड साबणपाण्याने धुतला, कोरड्या बोळ्याने पुसला, मग सुई. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून रक्त घेतलं असतं तर वकिलाला आयतं कोलीत मिळालं असतं, की रक्तात सापडली ती दारू आमची नाही, तुमच्या बोळ्याची.

रक्त करड्या झाकणाच्या बाटलीत गेलं. त्या बाटलीत सोडियम फ्लोराइडची पूड असते. ती नसेल तर रक्तातले जंतू आपलं काम चालू ठेवतात, साखर आंबवून दारू तयार करू शकतात किंवा असलेली खाऊन टाकू शकतात. प्रयोगशाळेत नमुना तपासला जाईपर्यंत ते रक्त जिथल्या तिथे थांबवायचं काम त्या पुडीचं. बाटली हलक्या हाताने उलटसुलट केली, चिठ्ठी डकवली, वर कागद, दोरा, आणि मेणबत्तीवर लाख वितळवून मोहोर. तीच मोहोर सोबतच्या पत्रावरही उमटवली, म्हणजे प्रयोगशाळेत दोन्ही ताडून बघता येतात. लाखेचा तो जळका वास आणि ती मुलगी जिभेचं टोक दातांत धरून मोहोर दाबतेय, हे माझ्या चांगलं लक्षात राहिलं आहे. मोहोर दाबून झाल्यावर तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि लिहिलं: रक्त घेतल्याची वेळ १.५०.

पुढे मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा महिनाभर आख्खा महाराष्ट्र त्यावर बोलत होता. मला दर वेळी ती लाख, तो दोरा आणि ती दमलेली मुलगी आठवत होती. तिच्या टेबलापाशी त्या रात्री कुणी मोठं माणूस उभं नव्हतं. बघायला होतो ते हवालदार, मी, आणि खुर्चीवर पेंगणारा वॉर्डबॉय. तरीही तिने सगळं जसं करायला हवं तसंच केलं.

सकाळी पोलीस ठाण्यात जबाब. अंमलदार विचारत गेले, लिहीत गेले, मग वाचून दाखवलं. "सही कुठे करू?" मी विचारलं. "साक्षीदाराच्या जबाबावर सही घेत नाहीत, मॅडम." हे मला नवीन होतं. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात, जबाब मात्र बिनसहीचा. रात्रीच घटनास्थळाचा पंचनामा झाला होता, वॉचमन आणि दूध टाकणारा एक जण, असे दोन पंच. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही, असं त्यात लिहिलेलं. गाडीच्या डिकीत कापडी पिशवीत अर्धी भरलेली दारूची बाटली सापडली, ती मुद्देमाल म्हणून जप्त. बाटलीचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

मग दीड वर्ष काहीच नाही.

मध्ये एकदा आम्हीच नाकाबंदीत सापडलो. शनिवारचीच रात्र, भावाची गाडी नवरा चालवत होता. पूल उतरला की लगेच बॅरिकेड, नागमोडी लावलेले. मागे वळायला जागा नाही, समोरून दिसेपर्यंत आपण रांगेत आलेले असतो. जागा विचार करून निवडलेली होती. एका तरुण शिपायाने खिडकीशी वाकून विचारलं, "कुठून आलात?" नवरा पत्ता सांगायला लागला तसं माझ्या लक्षात आलं, त्याला पत्ता नकोच आहे. त्याला आम्ही बोलायला हवे आहोत. बोलताना श्वास बाहेर येतो. कायदा म्हणतो की पोलीस गणवेशात हवा आणि संशयाला वाजवी कारण हवं. ते कारण तो नाकाने शोधत होता. काही न मिळाल्याने त्याने टॉर्चनेच "जा" म्हटलं. पण नवऱ्यालाच मशीन बघायचं होतं, त्याने मागून घेतलं, फुंक मारली, शून्य आलं.

बाजूला एक गाडी काढून उभी केली होती आणि एक बाई तिच्या नवऱ्यावर भडकून बोलत होती. त्याचा आकडा ५८ आला होता. लायसन्स जप्त, बदल्यात पावती. गाडी त्याला चालवू देणार नव्हते. बाईंना चालवता येत होतं, त्यांचं लायसन्स तपासून त्यांना चालवायला दिली. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "इथेच दंड भरतो, संपवून टाका." शिपाई तितक्याच वेळा सांगत होता, "साहेब, हे इथे भरता येत नाही. कोर्टातच जावं लागतं." ते खरं आहे. सिग्नल तोडल्याचा दंड जागेवर भरता येतो, हा गुन्हा तसा मिटत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९च्या आधी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० होता. जप्त लायसन्स परिवहन कार्यालयाकडे जातं, तिथे म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने निलंबन होऊ शकतं, पुन्हा सापडला तर रद्द. दंड भरणारे पुष्कळ असतात. तीन महिने गाडी हातात नसणं लोकांना जास्त लागतं, असं माझं मत झालं आहे.

घरी येताना नवरा म्हणाला, "रोज असं हवं." मलाही तेच वाटतं. आपल्याकडे ३१ डिसेंबर आणि धुळवड आली की कडेकोट, एरवी शनिवार-रविवार. २००६मध्ये मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका गाडीखाली गेले, त्यानंतर २००७पासून मुंबई पोलिसांनी ही मोहीम सातत्याने चालवली. इतर शहरं मागून आली. २०२०च्या साथीत तर फुंक घेणंच बंद होतं, पोलिसाच्या तोंडासमोर अनोळखी माणसाचा श्वास नको म्हणून. आमच्या अपघाताच्या वेळी मशीन मिळालं ते पुलाशी योगायोगाने नाकाबंदी होती म्हणून. ती दोन चौक पलीकडे असती तर? हे मी हवालदारांना विचारलं होतं. "मग नुसतं रक्त, ताई. आणि ते दीड-दोन तास शिळं."

२०२४च्या सुरुवातीला समन्स आलं. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेला दंडाधिकारी रजेवर. तिसऱ्या तारखेला आमचा पुकाराच झाला नाही, पाच वाजले. मी दर वेळी रजा टाकून जायची. यावर मला बोलायचं आहे. साक्षीदाराला बोलावून घ्यायचं आणि बाकावर बसवून परत पाठवायचं, हे एकदा झालं तर समजू शकतं. चौथ्यांदा येणाऱ्यांत मुळात किती जण उरत असतील? माझ्या शेजारी दुसऱ्या एका खटल्यातला रिक्षावाला बसायचा. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मॅडम, माझा दिवसाचा धंदा जातो. आता नाही येणार." आणि तो खरंच दिसला नाही. कुणाच्या तरी खटल्यातला तो एकुलता एक डोळ्यांनी बघणारा माणूस असेल.

त्या बाकावर हवालदारही असायचे. तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण साक्षीला येणं चुकलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी शनिवार-रविवारचे सगळे १८५वाले एका रांगेत उभे राहायचे, कॉलेजची मुलं, कंपन्यांमधले साहेब, एक टेम्पोवाला. "गुन्हा कबूल आहे?" "आहे." दंड, पुढचा. हवालदार म्हणायचे, "यातला एकही जण कुणाला धडकला नाही, म्हणून इतक्या सोप्यात चाललंय. नाकाबंदीला याच्यासाठीच उभं राहायचं."

चौथ्या तारखेला पुकारा झाला. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला, तो सरळ होता. काय पाहिलं, किती वाजता, ब्रेकचे दिवे लागले होते का. मग उलटतपास.

आरोपीच्या वकिलांनी आवाज चढवला नाही, माझ्यावर काही आरोप केले नाहीत. अतिशय शांतपणे विचारलं, "अपघात झाल्यापासून पोलीस येईपर्यंत तेरा मिनिटं गेली, बरोबर?" बरोबर. "त्या तेरा मिनिटांत तुम्ही आरोपीला सतत पाहत होता?"

मला समजलं की ते कुठे निघालेत. त्यांचं म्हणणं पुढे उघडच झालं: अपघातापूर्वी माझा अशील प्यायलेलाच नव्हता. अपघात बघून घाबरला, हात थरथरायला लागले, म्हणून गाडीतल्या बाटलीतून प्यायला. बाटली पंचनाम्यात आहेच. म्हणजे १२.२०चे ९२ खरे, १.५०च्या रक्तात प्रयोगशाळेला सापडलेले ०.०७१ टक्केही खरे, पण ते सगळं धडकेनंतरचं.

सरकारी वकील माझ्याकडे बघत होते. त्या दोन सेकंदांत मला "हो" म्हणावंसं वाटलं, हे मी लपवणार नाही. मुलाच्या पायात सळई घातली होती, एक वर्ष तो कामावर जाऊ शकला नव्हता, तोच मागच्या बाकावर बसला होता. मी म्हटलं, "नाही. मी त्या मुलाच्या जखमेवर ओढणी दाबून बसले होते. आरोपी काय करत होता ते मी पाहिलं नाही."

वकिलांनी मान लवून आभार मानले. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला.

डॉक्टरांच्या साक्षीत सरकारी वकिलांनी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. ती मुलगी आता दुसऱ्या गावी होती, तरी आली. दोन आकडे, दोन वेळा: १२.२०ला ९२, १.५०ला ७१. दीड तासात एकवीस उतरले. दारू नुकतीच प्यायली असेल तर रक्तातलं प्रमाण आधी चढतं, शेवटच्या घोटानंतर अर्धा ते दीड तासापर्यंत चढू शकतं. इथे तर उतार दिसतो. म्हणजे पिणं बरंच आधीचं? डॉक्टर म्हणाल्या, तसं दिसतं, पण श्वासाची चाचणी आणि रक्ताची चाचणी या वेगळ्या पद्धती आहेत, एवढ्यावरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांनीही आपल्याला जेवढं माहीत तेवढंच सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

गाठ सुटली ती नवऱ्याच्या साक्षीत. त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत होतं, पण त्याने धडक नीट पाहिलेली नसल्याने त्याला शेवटी ठेवलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, "पोलीस येईपर्यंत तुम्ही कुठे होता?"

"त्या गाडीच्या मागे. डिकीला पाठ टेकून उभा होतो. गाड्या वळवत होतो."

"डिकी कुणी उघडली?"

"मी तिला टेकलेलो होतो साहेब. माझ्या पाठीशी होती ती."

पंचनामा काढला. बाटली: डिकीत, कापडी पिशवीत, पिशवीला गाठ. त्या रात्री कुणीतरी ओळ लिहिताना नुसतं "गाडीत" न लिहिता "डिकीत" लिहिलं होतं, म्हणून हे सांगता आलं. आरोपीच्या वकिलांनी अर्धा तास विचारलं, तुम्ही मध्ये हललात का, स्कूटरपाशी गेलात का, बायकोजवळ गेलात का. नवरा जागचा हलला नव्हता, कारण मीच त्याला तिथे उभं केलं होतं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट माझ्या साक्षीच्याच दिवशीची, उलटतपास संपल्यानंतरची. साक्ष टाइप होत असते, मग ती साक्षीदाराला वाचायला देतात, चुकलं असेल तर सांगायचं आणि मग सही. मी थकले होते. तीन पानं होती. आपण केस बुडवली असं वाटत होतं आणि कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. तरी सवयीने बोट ठेवून ओळीओळीने वाचत गेले. पहिल्या पानावर खालून चौथी ओळ: "मी १२.४२ वाजता ११२ या क्रमांकावर फोन केला."

अपघात १२.४२ला आणि फुंक १२.२०ला. माझ्या सहीने हा कागद पुढे गेला असता तर धडकेच्या बावीस मिनिटं आधीच त्या माणसाची चाचणी झालेली दिसली असती.

"सर," मी म्हटलं, "इथे वेळ चुकली आहे."

टायपिस्टने मान वर केली. आरोपीचे वकील उठून उभे राहिले, म्हणाले, साक्षीदार आता आपली साक्ष बदलतेय. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना हाताने बसायला सांगितलं, समोरचे कागद चाळून ११२च्या नियंत्रण कक्षाच्या नोंदीचा पुराव्यातला कागद काढला आणि माझ्या फोनच्या वेळेवर बोट ठेवलं, २३.४२. मग माझ्या साक्षीचं पान स्वतःकडे घेतलं, १२वर आडवी रेघ मारून वर ११ लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि खाली सही केली.